झुलालच्या हातचे मांडे

आखाजी तोंडावर आली तेव्हा झुलालने वना न्हाव्याला घरी बोलावून दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत भादरून घेतले. डोकं नाही, दाढी नाही, हात. वनाने पाणी लावलं, वस्तरा उघडला, आणि मग त्याला राहवेना.

"झुलालभाऊ, हाई काय खूळ शे?"

"मांडामा केस येतस," झुलाल म्हणाला. "तू वस्तरा चालाव."

वनाचं पोट गावाच्या दाढ्यांवर चालायचं आणि तोंड गावाच्या बातम्यांवर. दिवस मावळायच्या आत सोनगीरच्या शिवारातल्या त्या एवढ्याशा गावात ओट्याओट्यावर एकच विषय झाला. मिशीवाला बाप्या, बायकोमागे येडा झाला, आखाजीला खापर मांडून मांडे करणार म्हणे! पोटं धरधरून हसले लोक. हसू द्या. साथीनंतर त्या गावाला हसायला कारण तरी कुठे मिळालं होतं?

मानमोडीची ती साथ दिवाळीच्या सुमाराला आली. गावातलं एक घर सुटलं नाही. झुलालच्या घरातून तिने भागाबाईला नेलं. सकाळी अंगात कणकण आहे म्हणाली, तरी भाकरी थापल्या, आणि नंतर अंथरुणावरून उठलीच नाही. मुलगा नाही, दोन मुली, दोन्ही सासरी. थोरली ठगू जवळच दिलेली, ती धावत आली. धाकटी गजरा धुळ्याला दिलेली. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. साथीत कोणी कोणाच्या गावात पाऊल टाकत नव्हतं, तेव्हा तिला आई गेल्याचा निरोपच गेला, तोही शिळा. ती आलीच नाही. आईचं तोंड नाही, आईचा उंबरा नाही. लेकीने रडायचं तरी कुठे? सासरी चुलीपुढे रडली असेल तर धूर डोळ्यांत गेला म्हणाली असेल.

आता खानदेशातली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ज्याला माहीत नाही त्याला एवढं सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळी मोठी नाही, आखाजी मोठी. सासुरवाशीण दिवाळीला आली नाही तर चालवून घेतात. आखाजीला आली नाही तर तिला माहेर उरलं नाही असं समजतात. आणि आली की तिने काडी हलवायची नाही. झोक्यावर बसायचं, गौराईची गाणी म्हणायची, आमरसात बुडवून मांडे खायचे. वर्षभर सासरी उपसलेलं सगळं त्या दोन दिवसांत अंगावरून उतरवायचं. त्याच दिवशी पितरं जेवायला येतात. गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची, निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची, आणि गेलेल्याच्या जागी एकाला पाटावर बसवून पोटभर वाढायचं. बाप्या गेला असेल तर बाप्याला, सवाष्ण गेली असेल तर सवाष्णीला. म्हणजे लेकी झोक्यावर, पितर पाटावर, आणि चुलीपुढे एकटी आई. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही.

झुलालही कधी बोलला नव्हता.

त्याचा थोरला भाऊ पंडितनाना भिंतीला भिंत लावून राहायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळ्या गोष्टींचं उत्तर आधीच माहीत असायचं. "पोरीसले मन्हा घर बलाव," तो म्हणाला. "तुन्ही वहिनी रांधी. घागर मन्हा अंडोर भरी, तुन्हा पुतन्या. तुले कसानी काळजी?"

झुलाल हो म्हणणारच होता. तेवढ्यात धुळ्याहून गजराच्या सासूचा, बेबाबाईचा निरोप आला. ज्या घरात बाई नाही, चूल नाही, तिथे सून कोणाकडे पाठवायची? माय नाही तिथे माहेर कसलं? आखाजीला गजरा येणार नाही.

झुलाल त्या रात्री जेवला नाही. एकदा नाही पाठवली की पुढच्या वर्षीही नाही पाठवायची, हे त्याने चार घरी पाहिलं होतं. आधी बाई नाही म्हणून, मग कामं आहेत म्हणून, मग पोर लहान आहे म्हणून. आणि भावाच्या घरी बोलावलं तर बेबाबाईचंच खरं ठरत होतं, की झुलालचं घर बुडालं. काकाचं घर ते काकाचं घर. गजराला स्वतःच्या आईच्या चुलीशी आणायची तर ती चूल पेटलेली हवी, आणि पेटवणारं घरात एकच माणूस होतं.

सकाळी त्याने पंडितनानाला सांगितलं, "पोरी मन्हा घर येतीन. मन्हा घरच जेवतीन. रांधसू मी."

"तू?" नाना म्हणाला. "आनि पितर? बाप्याना हातनं खावाले भागाबाई येई का?"

"मन्ही बायको शे. येई का नही ते मी दखसू."

बोलून गेला खरा, पण मांडे म्हणजे काय चुलीत शेंगा भाजणं आहे? सुकदेव कुंभाराकडून त्याने नवं खापर आणलं. जुनी मातीची भांडी सुतकात फेकली गेली होती, त्यात जुनं खापरही गेलं. गहू ओलवले, वाळवले, दळून आणले, पीठ धोतराच्या धुवट पानातून गाळलं. डाळ शिजवली, गूळ घातला, पाट्यावर पुरण वाटलं. तिथपर्यंत ठीक होतं. मग पिठाच्या दोन पाऱ्यांत पुरण भरून त्याने गोळा हातावर घेतला, आणि तेव्हा त्याला कळलं की आपल्याला काहीच येत नाही.

इतकी वर्षं हा माणूस चुलीच्या दारात बसून मांडे खात आला होता. भागाबाई दोन्ही हातांवर तो गोळा झेलत, फिरवत, पसरवत जायची आणि बघता बघता खापराएवढा करून उलट्या खापरावर टाकायची. समोरच चालायचं सगळं. पण याची नजर कायम ताटावर. गरम मांडा पडला की दुसरा कधी पडतो याची वाट. तिचे हात कसे चालायचे हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली तेव्हा हातातला गोळा तसाच राहिला आणि तो चुलीपुढे मोठ्याने रडला. बायको गेली तेव्हा रडला नव्हता तेवढा.

मग डोळे पुसून त्याने गोळा ताणला. तळहाताला नांगराच्या मुठीचे घट्टे, त्यांत पीठ अडकलं आणि मांड्याला भोक पडलं. दुसरा फाटला. तिसरा कसाबसा खापरावर पडला. नानाची बायको भिकुबाई वहिनी काय जळतंय बघायला आली, तिने त्याचा एक तुकडा मोडून तोंडात घातला, आणि दातांतून एक लांब काळा केस ओढून काढून दिराच्या नाकासमोर धरला.

"पितरले हाईच खावाडशी का, भाऊ?"

म्हणून वना न्हावी.

गजराला आणायला झुलाल स्वतः गेला. दमणी जुंपली आणि आग्रा रोडने धुळ्याला पोचला. बेबाबाई ओसरीत बसली होती. अंगाने भरलेली, जिभेने तिखट, आणि घरात तिच्या शब्दाबाहेर पाखरू उडत नसे. तिने व्याह्यांना पाणी दिलं आणि त्यांच्या हातांकडे पाहिलं. गुळगुळीत हात पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"घर बाई नही," ती म्हणाली. "पोर तठे जाईसन काय करी? आखाजीना दिन चुल्हा फुंकी? त्यानापेक्षा आठेच फुंको."

"चुल्हा मी फुंकसू."

"मांडा?"

"मीच."

बेबाबाई हसली. आतून सुनेच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. झुलाल हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "इहीनबाई, तुमीबी चाला. डोयाघाई दखा. मन्ही पोरनी एक काडी जरी चुल्हामा सारी, तर पुढला सालपासून धाडू नका. मी तोंड उघडाव नही."

विहिणीने असं आव्हान कधी ऐकलं नव्हतं. आणि ऐकल्यावर मागे हटणं तिच्या स्वभावात नव्हतं. "चाल," ती म्हणाली. "मीच दखस."

दमणीत गजरा वाटभर पुढच्या रस्त्याकडे बघत होती. घराच्या दारात उतरली, उंबऱ्यावर हात ठेवला, आणि मग जी बसली ती बराच वेळ उठली नाही. झुलालने तिला उठवलं नाही. बेबाबाईही घाई न करता दमणीला टेकून उभी राहिली. त्या एका गोष्टीसाठी मी तिला अर्धं माफ करून टाकतो.

आखाजीच्या सकाळी ठगू आली ती येतानाच पदर खोचून. "आबा, सरका. मी करस."

झुलालने दारात काठी आडवी धरली. "झोकावर जाय."

"आबा, तुमले जमाव नही!"

"नही जमो. तुन्ही मायना राज्यमा तू आखाजीले चुल्हापान उनथी का कधी? मंग बापना राज्यमाबी येवाव नही. जाय!"

ठगू रागाने पाय आपटत परसात गेली. लिंबाला झोका बांधलेला होता, चुलीच्या मागच्या दारातून सरळ दिसायचा. गजराला पुढ्यात घेऊन ती झोक्यावर बसली. शेजारच्या लेकीसुना जमल्या. आणि ओसरी सोडून बेबाबाई नेमकी मधल्या दारात येऊन बसली, जिथून चूलही दिसत होती आणि झोकाही. तिला घागरीपासून आगारीपर्यंत सगळं बघायचं होतं.

पहिला मांडा फाटला. झुलालने तो बाजूला टाकला. दुसऱ्याच्या मध्याला भोक पडलं. बेबाबाईने नुसता घसा खाकरला. झुलालच्या कानामागून घाम गळत होता.

तेवढ्यात झोक्यावरून गाणं आलं. ठगूचा आवाज पहिल्यापासून खणखणीत.

"मांडा ताण वं सई, बोटं लावू नको,
मनगटवर झेल वं, नखं लावू नको!"

असलं गाणं गावात कोणी ऐकलं नव्हतं. बाकीच्या बायका क्षणभर गोंधळल्या आणि मग लेकीची हुशारी ध्यानात येऊन त्यांनी ते उचलून धरलं. झुलालने बोटं मिटली, हात तुपाने माखले आणि गोळा मनगटांवर घेतला. या मनगटावरून त्या मनगटावर, त्या कोपराकडून या कोपराकडे. भादरलेल्या कातडीवरून तो सरकायला लागला.

"मधमा नको वढू वं, कड वढी ले,
जाळ व्हयना फार वं, लाकूड काढी ले!"

त्याने लाकूड मागे ओढलं. मांडा पसरत गेला, पातळ झाला, आतलं पुरण पिवळं दिसायला लागलं. फाटणार असं वाटलं तेवढ्यात त्याने तो खापरावर टाकला. वाकडा पडला, एका कडेने जाड राहिला, पण अख्खा पडला. परसात झोका थांबला आणि गजरा ओरडली, "आबा, पडना!" आई गेल्यावर तिचा असा आवाज पहिल्यांदा निघाला होता.

"चुल्हाले हात लावना का कोनी?" झुलालने मान न वळवता विचारलं.

"तोंड लावं," बेबाबाई दारातून म्हणाली. "पन तोंडनं काही ठरेल नव्हतं."

सूर्य डोक्यावर आला तोवर मांड्यांची चळत झाली. कुठला गोल, कुठला लांबट, एक तर थेट बैलाच्या जिभेसारखा. आमरस झाला, पुरणाची रशी झाली. घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवले. पाट मांडला. आता पाटावर सवाष्ण हवी. भिकुबाई वहिनीला पहाटेच आवतण दिलं होतं. ती आली नाही. आला पंडितनाना, आणि त्याच्यामागे गावातली आणखी चार पागोटी. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"भिकुबाई येवाव नही," नाना म्हणाला. "बाप्याना हातनं पितर कोनी जेवत नही. तुले म्हनेल व्हतं मी. आते पाट रिकामा ऱ्हाई, भागाबाई उपाशी जाई. आतेबी मन्हा घर चाल. तठे बठ्ठं तयार शे."

रिकामा पाट म्हणजे पितर उपाशी दारातून परत. परसातलं गाणं थांबलं. लेकी दारात आल्या. गजराचा चेहरा पांढरा पडला होता. झुलालने एकेका बाईकडे पाहिलं. जिच्याकडे पाहिलं तिने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तो मधल्या दाराकडे वळला.

"इहीनबाई, तुमी सवाशीन शेतस. पाटवर बसा."

"मी?" बेबाबाई म्हणाली. "मी दखाले उनू."

"आते जेवीसन दखा."

बोलावल्यावर पितराच्या पाटाला नाही म्हणायची कोणाची छाती नसते. गेलेल्याला उपाशी लोटल्याचं पाप लागतं. बेबाबाईने नानाकडे पाहिलं, त्या पागोट्यांकडे पाहिलं. नाना नुसता हसला, आणि तेच त्याचं चुकलं. बेबाबाई उठली, लुगडं सावरलं आणि पाटावर बसली. गजराने सासूला हळदकुंकू लावलं. 

आता पाय धुवायचे, पायांवर डोकं ठेवायचं. हे काम मुलाचं.

"मन्हा अंडोर बलावस," नाना म्हणाला.

"काब्रं?" झुलालने तांब्या उचलला. "मी काय मरी गयू का?"

"झुलाल! तू नवरा शे तिना!"

"व्हय. म्हनीसनच."

त्याने बेबाबाईच्या पायांवर पाणी घातलं. तिने ओशाळून पाय आखडले. व्याही आपल्या पाया पडतो आहे, लेकीसाठी गयावया करतो आहे, असंच तिला वाटलं असणार.

"पाय काढू नका," झुलाल म्हणाला. "फुगूबी नका. हाई तुमनासाठे नही. आठे भागाबाई बसेल शे."

आणि तो वाकला. सगळ्या गावादेखत त्याने आपल्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथेच ठेवून बोलला, मोठ्याने, दारातल्या शेवटच्या पागोट्याला ऐकू जाईल असं. "भागा, इतला वरीस तुन्ही रांधं, मी खादं. एकदाबी बरं म्हनं नही. आज म्हनस. तुन्हा हातले तोड नव्हती. मन्हा मांडा वाकडा शेतस. तेच खाय."

कोणीतरी खाकरलं. "बायकोना पाया पडस," नाना पुटपुटला. "लाज गयी."

झुलालने डोकं वर केलं. कपाळाला पाणी लागलं होतं, ते त्याने पुसलं नाही. "नाना, मी आजारी पडनू तं मन्ही घान तिनी धोयी. मन्ही मायले शेवटलं पानी तिनी पाजं. तिना पाया पडतांना माले लाज वाटाव नही. तुले वाटत व्हई तं घर जाय. नही तं बस. पन पंगत आज बायासनी पहिली."

नाना गेला नाही. मांड्यांचा वास फार चांगला येत होता.

झुलालने आगारी दिली आणि वाढायला घेतलं. खापरावरून उतरलेला मांडा तूप सोडून, घडी घालून थेट ताटात. बेबाबाईने पहिला घास घेतला. चावला. सगळं घर तिच्या जबड्याकडे बघत होतं. तिने आमरसात बुडवून दुसरा घेतला, मग तिसरा. मांडा संपला, तोवर पुढचा तयार होता. तो पडला. वाफ निघत होती. तिच्या चावण्याचा वेग मंदावला आणि डोळे भरून आले.

झुलालने रीतीप्रमाणे हात जोडून विचारलं, "पोट भरनं का?"

भरलं म्हणायचं असतं. पितर तृप्त झाला म्हणायचं, उठायचं, आणि मग बाकीच्यांनी बसायचं. बेबाबाई उठली नाही.

"नही," ती म्हणाली. "मी सासरले उनू तैपासून बठ्ठास्ना मांगे जेवस. थंडं, उरेल. खापरवरला मांडा मन्हा ताटमा कधीच पडना नही. आज पडना." तिने पदराने डोळे पुसले आणि पागोट्यांकडे असं पाहिलं की चारही पागोटी जमिनीकडे वळली. "आजून एक टाक. आनि गजरा, आठे ये. मन्हा ताटमा बस."

गजरा जागची हलली नाही. सून सासूच्या ताटात?

"पाटवर बसेल बाईनं आयकनं पडस," बेबाबाई म्हणाली. "मी आते तुन्ही सासू नही, तुन्ही माय शे. आनि माय सांगस, दर आखाजीले तू आठे येशी. धुळानी सासू नही म्हननी, तं तिले सांग, पितरनं सांगनं शे. ती काय, तिना बापबी मोडाव नही."

गजरा आली. आईच्या पाटाशी मांडी घालून बसली, आणि बेबाबाईने स्वतःच्या ताटातला गरम घास मोडून तिच्या तोंडात घातला. ठगूही येऊन बसली. मग शेजारच्या लेकी, सुना, आणि कुठून तरी धीर करून, नवऱ्याच्या देखत, भिकुबाई वहिनी.

झुलालने हात तुपात बुडवले आणि पुढचा मांडा ताणायला घेतला.